पेटीतला रंग नासतो

शृंगारपेटीची सफाई म्हणजे पेटीतील एकेक वस्तू बाहेर काढून ती ठेवायची, धुवायची की फेकायची हे ठरवणे. डब्या पुसणे आणि लिपस्टिका रंगांप्रमाणे ओळीने लावणे हा त्या कामाचा शेवटचा आणि सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. भंडारा जिल्ह्यात अशा पेट्या तीन ठिकाणी असतात: घरातल्या कपाटात, लग्नसराईत गावोगाव जाणाऱ्या पार्लरवालीच्या बॅगेत आणि झाडीपट्टी नाटकाच्या रंगपटात. तिन्ही ठिकाणी सफाई टळते ती एकाच समजुतीपायी. रंग काही भाजी नव्हे, तो नासत नाही. डबीवरची मुदत कंपनी नवा माल खपवायला छापते. आणि अर्धी भरलेली वस्तू फेकणे हा पैशाचा माज आहे. या समजुतीचा एकही भाग तपासणीला पूर्णपणे टिकत नाही, आणि तिची किंमत मात्र डोळ्यांनी, त्वचेने आणि काही वेळा मूत्रपिंडाने मोजावी लागते.

मुदतीवरच्या आक्षेपात खऱ्याचा एक अंश आहे, तो आधी मान्य करायला हवा. मुदत उलटली म्हणजे दुसऱ्या दिवशी डबीत विष तयार होते असे नाही. अमेरिकेतील कायदा सौंदर्यप्रसाधनांवर अंतिम मुदत छापण्याची सक्ती करत नाही. युरोपात तीस महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या प्रसाधनावर उघड्या डबीचे छोटे चित्र असते आणि त्यात डबी उघडल्यानंतर किती महिने वापरावी तो आकडा असतो. भारतात सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत वेष्टनावर असावी लागते. पण आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. छापलेली मुदत बंद डबीची असते, आणि ती डबी थंड, कोरड्या जागी ठेवली जाईल असे धरून काढलेली असते. झाकण उघडून बोट आत गेले की ते गणित तिथेच बदलते.

भंडाऱ्यात तर ते फारच बदलते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो. कवेलूच्या घरात थोडा तरी गारवा असतो; टिनाच्या छपराखालच्या लोखंडी कपाटातील वरच्या फळीवर, जिथे पेटी मुलांच्या हाताला लागू नये म्हणून ठेवलेली असते, तिथली उष्णता बाहेरच्यापेक्षाही चढते. लिपस्टिकमध्ये मेण आणि तेल एकजीव केलेले असते. तापल्यावर तेल सुटून वर थेंबांसारखे जमते. फाउंडेशन आणि क्रीममध्ये पाणी व तेल एकत्र धरून ठेवलेले असते. रोज दुपारी तापणे आणि पहाटे निवणे चालू राहिले की ती पकड सुटते, वर तेल तरंगते आणि जिवाणू रोखणारा परिरक्षक सगळीकडे सारखा पोचत नाही. त्यानंतर १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पाडणारे चार महिने येतात, ज्यांत धुतलेला ब्रश दिवसभर वाळत नाही. म्हणजे मुदतीचा आकडा इथे जास्त कडक ठरत नाही, उलट तो फार सैल ठरतो. कंपनी घाबरवते म्हणून दोन वर्षे जास्त वापरायचे, हा हिशेब लावणाऱ्यांनी आपल्या घराचे छप्पर हिशेबात धरलेले नसते.

रंग नासतो म्हणजे नेमके काय होते? तेल आणि तूप हवेतील प्राणवायूने खवट होते. वास बदलतो, त्वचा चुणचुणते. पाणी असलेल्या प्रसाधनात जिवाणू आणि बुरशी वाढतात. त्यांना रोखण्यासाठी परिरक्षक घातलेला असतो, पण त्याची मात्रा ठरावीक असते आणि दर वेळी बोटाबरोबर, ब्रशबरोबर नवे जिवाणू आत गेले की तो खर्ची पडत जातो. सुकलेल्या मस्कारात किंवा आयलायनरमध्ये पाण्याचे दोन थेंब टाकून तो पुन्हा चालता करणे ही घरोघरची काटकसर आहे. तिने रंग पातळ होतो आणि परिरक्षकही पातळ होतो. जिवाणूंना हवे असलेले पाणी मात्र मिळते. थुंकी लावून आयलायनर ओला करणे याहून वाईट.

ब्रिटनमधील ॲस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये वापरातल्या ४६७ प्रसाधनांची तपासणी प्रसिद्ध केली. लिपस्टिक, लिपग्लॉस, आयलायनर, मस्कारा आणि स्पंज यांतील ७९ ते ९० टक्के नमुन्यांत जिवाणू सापडले. स्पंजांपैकी ९३ टक्के कधीच धुतलेले नव्हते आणि ६४ टक्के एकदा तरी जमिनीवर पडलेले होते. हा थंड देशातला निष्कर्ष आहे. भंडाऱ्यातील पेटी त्याहून स्वच्छ असेल असे मानायला एकही कारण नाही.

पावडरीचा मुद्दा वेगळा आहे आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. कोरड्या पावडरीत पाणी नसल्याने जिवाणू वाढत नाहीत. कॉम्पॅक्ट, गालाची लाली, पापणीचे कोरडे रंग कोरडेच वापरले तर ते वर्षभर, दोन वर्षे चालवायला हरकत नाही. वर तेलकट, चकचकीत पापुद्रा धरला असेल तर तो सुरीने खरवडून काढावा. त्याखालचा रंग चांगला असतो. पण हा नियम पाणी लागेपर्यंतच खरा आहे. ओल्या स्पंजाने लावलेली पावडर पुढे कोरडी राहत नाही, आणि तिला कोरड्या पावडरीची सवलत देता येत नाही.

सर्वांत जास्त धोका डोळ्याला आहे. १९७७ मध्ये विल्सन आणि अहर्न या अमेरिकी संशोधकांनी दूषित मस्कारामुळे बुबुळावर स्यूडोमोनास जिवाणूंचे व्रण झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. हा जिवाणू धडधाकट बुबुळात सहसा शिरत नाही. त्याला ओरखडा लागतो. मस्काराची कांडी डोळ्यात टोचली की तो मिळतो. धानाच्या जिल्ह्यात तो मिळण्याचे आणखी एक साधन आहे. कापणी आणि मळणीच्या दिवसांत धानाचे कुसळ किंवा तूस डोळ्यात जाते, डोळा चोळला जातो, बुबुळाला बारीक खरचटते. त्याच आठवड्यात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, असते, आणि त्याच डोळ्यात गेल्या वर्षीचे काजळ जाते. भंडाऱ्यातील बाईने डोळ्याच्या प्रसाधनाबाबत शहरातल्या बाईपेक्षा अधिक काटेकोर असायला हवे ते यासाठी. इथे उलटेच ऐकू येते, की असले चोचले शहरातल्यांनी करावेत.

मस्कारा आणि पातळ आयलायनर उघडल्यापासून तीन महिन्यांनी टाकावे. काजळकांडीचे टोक दर वेळी छिलून किंवा पुसून वापरावे आणि ती एका बाईची एकच असावी. डोळे आले असतील तर त्या दिवसांत डोळ्याला लागलेली प्रत्येक वस्तू फेकावी. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. असे आजार पसरवणारे ॲडिनोव्हायरस कोरड्या पृष्ठभागावर आठवडे टिकू शकतात. साथ ओसरली तरी ते पेटीत राहिलेले असू शकतात.

यावर घरच्या काजळाचे उदाहरण हमखास पुढे केले जाते: आजी दिव्यावर पितळी ताटली धरून काजळी जमवायची, तुपात खलायची, आणि कोणाचेही काही बिघडले नाही. अशा काजळात शिसे नसते, हे खरे आहे. शिशाचा सल्फाइड असलेल्या सुरम्यापेक्षा ते नक्कीच बरे. पण त्यात परिरक्षकही नसतो. तूप खवट होते, आणि डबीत घरातील सगळ्यांची बोटे जातात. आजी ते थोडे करायची आणि सणाला पुन्हा नवे करायची. जुन्या रीतीचा दाखला द्यायचा तर तो पूर्ण द्यावा: थोडे करणे आणि ताजे करणे हाही त्या रीतीचाच भाग होता.

टिकलीचेही तसेच. रात्री काढलेली टिकली आरशाला चिकटवून सकाळी पुन्हा लावण्याची सवय घरोघर आहे. आरशावरची धूळ आणि आदल्या दिवशीचा घाम रोज त्याच जागी परत लागतो. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल असते आणि त्याने कपाळावर पांढरा डाग पडू शकतो, हे त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक वर्षांपूर्वीच नोंदवले आहे. कपाळ खाजू लागले किंवा रंग फिका होऊ लागला तर त्या पाकिटातील उरलेल्या टिकल्या कितीही असोत, त्या ठेवू नयेत.

पेटीतून सर्वांत आधी बाहेर जायला हवे ते नाव, पत्ता, बॅच क्रमांक नसलेल्या डबीतील गोरेपणाचे क्रीम. इथे नासण्याचा प्रश्न नाही, ते ताजे असतानाच घातक असू शकते. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून तो अशा क्रीममध्ये घालतात. काही दिवसांत रंग उजळतो आणि त्यामुळेच क्रीमवर विश्वास बसतो. अकोल्यातील एका कुटुंबातील तीन स्त्रियांना असे क्रीम लावल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा छडा लागला आणि २०२३ मध्ये हे प्रकरण वृत्तपत्रांत आले. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातील मूत्रपिंडाच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतील १५ जणांत एकाच विशिष्ट प्रकारचा दोष आढळला आणि त्या पंधरांपैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. भारतीय नियमांनुसार डोळ्यांच्या प्रसाधनांखेरीज इतर प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दशलक्षात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. आठवडी बाजारात, मंडईतल्या पालावर किंवा ओळखीच्या बाईकडून सुटे मिळणारे क्रीम या नियमाखाली कधी तपासले गेलेले नसते. ‘आयुर्वेदिक आहे’ या तोंडी हमीला काही अर्थ नाही. ‘मला तर फरक पडला’ हा पुरावा तर क्रीमच्या विरुद्ध जाणारा आहे.

झाडीपट्टी रंगभूमीच्या पेटीकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण तिथे हे सगळे धोके एकत्र येतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने रात्रभर नाटके चालतात. लाखांदूर तालुक्याला लागून असलेले वडसा हे नाट्यमंडळांचे मुख्य ठाणे; तिथून मंडळे साकोली, लाखनी, पवनीकडच्या गावांत जातात. दंडार आणि खडी गंमत या लोककलांची परंपरा याहून जुनी. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीचे मोल सरकारदरबारीही नोंदले गेले. एवढी मोलाची रंगभूमी ज्या चेहऱ्यांवर उभी आहे त्यांना लागणारा रंग मात्र अजून कोणाच्याच चिंतेचा विषय नाही.

महाराष्ट्राच्या जुन्या लोकमंचावर मुर्दाडशिंग, सफेदा, शेंदूर, हिंगूळ असे रंग तोंडाला लावले जात. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड. शेंदूरही शिशाचाच. हिंगुळात पारा आहे. सफेद्याच्या नावाखाली जस्ताची निरुपद्रवी भुकटीही मिळते आणि शिशाची विषारी भुकटीही. पुडी पाहून दोन्ही ओळखता येत नाहीत. कोणत्याही मंडळाच्या, कोणत्याही जुन्या नटाच्या घरच्या ट्रंकेत अशी पुडी उरलेली असेल तर ती पेटीत राहता कामा नये. ‘चाळीस वर्षे लावले, काही झाले नाही’ हे उत्तर इथे फार आदराने दिले जाते आणि म्हणूनच ते खोडायला हवे. शिसे एका रात्रीत काही करत नाही. ते हाडांत साठते आणि तिथे वर्षानुवर्षे राहते. पोटात कळा, रक्त कमी होणे, हातापायांतली शक्ती जाणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि जागरण, प्रवास व अवेळी जेवण यांत आयुष्य गेलेल्या नटाला ती आली तर रंगाचा संशय कोणालाच येत नाही. शिवाय हे उत्तर देणारा तो नट असतो ज्याला खरेच फार काही झाले नाही. ज्यांनी दुखण्यापायी रंगमंच सोडला ते उत्तर द्यायला तिथे उभे नसतात.

आजच्या मंडळांत पॅनकेक आणि पेंटस्टिक हे तयार रंग आले आहेत. शिशाचा प्रश्न त्यामुळे पुष्कळ कमी झाला, पण स्पंजाचा वाढला. पॅनकेक ओल्या स्पंजाने लावतात. रंगभूषाकाराजवळ वेळ थोडा असतो, पात्रे बरीच असतात, आणि एकच स्पंज एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जातो. तो ओलाच डबीत बंद होतो आणि दुसऱ्या गावी दुसऱ्या रात्री पुन्हा निघतो. मुरमाचा पू, ओठावरचे जर, नायटा, डोळ्यांची लाली हे सगळे या वाटेने फिरू शकते. प्रत्येक नटाचा स्वतःचा स्पंज, त्याच्या नावाच्या कापडी पिशवीत, हा यावरचा उपाय आहे आणि त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही. पॅनकेकही थेट डबीतून न घेता सुरीने लागेल तेवढा ताटलीत खरवडून घ्यावा. नाटकाचा हंगाम थंडीत असतो, ही या पेटीची जमेची बाजू. पण होळीनंतर तीच पेटी बंद होते आणि उन्हाळा व पावसाळा दोन्ही काढून दिवाळीला उघडते. म्हणून ती हंगाम संपताना धुऊन, वाळवून ठेवायला हवी आणि उघडताना पुन्हा निवडायला हवी. एकदा केलेली सफाई तिला पुरत नाही.

पार्लरवालीची पेटी भर उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या लग्नांत, सर्वाधिक चालते. दुचाकीच्या डिकीत ती तासभर तापते आणि एका दिवसात अनेक चेहऱ्यांवर जाते. इथे नवरी सर्वांत असहाय असते. घरात पाहुणे, मुहूर्ताची घाई, समोर आरसा. त्या वेळी ती ब्रश धुतला का असे विचारणार नाही. म्हणून ही जबाबदारी पूर्णपणे पार्लरवालीची आहे. लिपस्टिक कांडीवरून थेट ओठांना न लावता चमच्याच्या दांड्याने खरवडून ताटलीत घेणे, मस्काराला फेकून देण्याच्या कांड्या वापरणे आणि दर चेहऱ्यामागे ब्रश बदलणे, एवढे झाले तरी बराच धोका टळतो. ‘लहान गावात एवढे परवडत नाही’ हे कारण चालणार नाही. नवरीकडून तिचे स्वतःचे काजळ आणि लिपस्टिक आधी मागून घेतली तर खर्च वाढत नाही, कमीच होतो.

परवडण्याचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि तो झटकून टाकणे अन्यायाचे होईल. धानाच्या पैशावर वर्ष काढणाऱ्या घरात शंभर रुपयांची वस्तूही विचार करून घेतलेली असते. सहा महिने झाले की सगळे फेका, पारदर्शक खणांचे डबे आणा, नवे भरा, असे सांगणारे शहरी सल्ले या घरांना लागू पडत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे त्यांच्यामुळे सफाईची गोष्टच श्रीमंतांची हौस वाटू लागते. पण याचा निष्कर्ष ‘काहीच फेकू नये’ असा निघत नाही. काजळकांडीची किंमत आणि बुबुळाच्या व्रणासाठी नागपूरला माराव्या लागणाऱ्या खेपांची किंमत यांची तुलना करण्याचीही गरज नाही. ज्या घराला आजारपण परवडत नाही, त्याच घराला ही सफाई अधिक लागते. काटकसर करायची ती खरेदीत करावी: एकाच वेळी एकच काजळ उघडावे, लहान डबी घ्यावी, भेट आलेला चोवीस रंगांचा बॉक्स दाखवण्यापुरता साठवू नये.

सफाईचा क्रम यातूनच ठरतो. पेटी दिवसाच्या उजेडात रिकामी करावी. नाव-पत्ता नसलेले आधी बाजूला काढावे, मग डोळ्याचे पातळ, मग पाणी असलेले क्रीम आणि फाउंडेशन, मग लिपस्टिक, शेवटी कोरडी पावडर. वास बदललेला, थर फुटलेला, बुरशीचा ठिपका असलेला कोणताही पदार्थ राहू देऊ नये. लिपस्टिकला खवट वास नसेल तर वरचा थर कापून ती ठेवता येते. ब्रश साध्या शाम्पूने कोमट पाण्यात धुवावेत आणि केस खाली झुकलेले राहतील असे आडवे, पावसाळ्यात पंख्याखाली, वाळवावेत, म्हणजे पाणी मुठीत उतरत नाही. चिमटे, कात्री, धातूची ताटली ७० टक्के स्पिरिटने पुसावी. त्याहून तीव्र स्पिरिट जिवाणूंवर कमी चालते, कारण त्याला काम करायला थोडे पाणी लागते. ठेवलेल्या प्रत्येक वस्तूवर उघडल्याचा महिना पेनाने लिहावा. पेटी आतल्या भिंतीकडे, खालच्या फळीवर ठेवावी; न्हाणीत, खिडकीत किंवा टिनाखालच्या वरच्या फळीवर नको. फ्रीज असल्यास क्रीम त्यात ठेवता येते, पावडर ठेवू नये, कारण बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरते.

टाकलेली वस्तू वैनगंगेत, गावतळ्यात किंवा नालीत जाऊ नये. तलावांच्या या जिल्ह्यात मासेमारीवर कितीतरी घरे चालतात, आणि पाण्यात गेलेला पारा माशांत साठून पुन्हा ताटात येतो. संशयित क्रीम आणि शिशाच्या पुड्या घट्ट बंद करून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळ्या द्याव्यात. रिकाम्या नळ्या कापून टाकाव्यात, म्हणजे त्या पुन्हा भरून विकता येत नाहीत.

दिवाळीच्या आधी जिल्ह्यातील प्रत्येक घर भांडी, कोठ्या, कपाटे रिकामी करून झाडते आणि त्यानंतर लगेच मंडईचे दिवस येतात. त्याच सफाईत शृंगारपेटीही रिकामी व्हावी, आणि नाट्यमंडळांनी हंगामाचा पहिला पडदा वर जाण्याआधी आपली पेटी निवडावी. नवरीने आणि नटीने तोंडाला रंग लावू देण्याआधी एक प्रश्न न संकोचता विचारावा: ही डबी कधी उघडली? उत्तर मिळाले नाही तर तो रंग नाकारावा.